पडद्यांची की बिनपडद्यांची? कमी पैशांत बेस गिटार घेताना

घरातला मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणते, ‘मला बेस गिटार घ्यायची आहे.’ गिटार काय असते ते आईवडिलांना ठाऊक असते. पण सहा तारांऐवजी चारच तारा असलेली ही वस्तू गिटारपेक्षा महाग कशी, ती विजेवरच का चालते आणि कार्यक्रमात ती नेमकी वाजते तरी कुठे, हे प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहतात. पगारातून आणि ओव्हरटाइममधून बाजूला काढलेला पैसा अशा वस्तूवर घालायचा, तर तिची माहिती करून घेतली पाहिजे. दुकानदाराच्या भरवशावर राहू नये.

तबल्यात जे काम डग्गा करतो, ते वाद्यवृंदात बेस करते. डग्गा वाजत असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते, पण तो थांबला की गाणे पोकळ वाटू लागते. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचे सूर या वाद्यावर आणखी एक सप्तक खाली उतरवलेले असतात. त्यासाठी तारा जाड लागतात आणि लांबही लागतात, म्हणून दांडी मोठी होते. साधारण बेसच्या तारेची वाजती लांबी 34 इंच असते.

हे वाद्य मुळात निघाले ते कष्टकरी वादकांची अडचण दूर करण्यासाठी. पूर्वी बेसचे काम माणसाएवढ्या उंच, उभ्या लाकडी वाद्याकडे असे. ते प्रवासात न्यायला त्रासदायक, आणि ढोल-तुताऱ्यांपुढे त्याचा आवाज दबून जाई. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात पॉल टटमार्क यांनी 1930 च्या दशकातच विजेवरची, गिटारसारखी आडवी धरायची बेस तयार केली होती, पण ती फारशी खपली नाही. खरा बदल 1951 साली झाला. कॅलिफोर्नियातील फुलरटन गावात लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेला माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक काय तक्रार करतात हे तो ऐकत असे. त्याने भरीव लाकडाची, चार तारांची बेस काढली आणि तिच्या दांडीवर धातूचे पडदे बसवले. सितारीला पडदे असतात तसेच, फक्त हे सरकवता येत नाहीत. पडद्यामुळे बोट किंचित इकडेतिकडे झाले तरी सूर अचूक लागतो, म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. दांडी त्याने चार स्क्रूंनी अंगाला जोडली, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी बसवता यावी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यालाच सुचावे असे हे डोके आहे! आजही बाजारातल्या बहुतेक स्वस्त बेस याच पद्धतीने बनतात, आणि कमी पैशांत घेणाऱ्याला त्याचा मोठा फायदा आहे. त्या दुरुस्त होतात.

पैशाचा हिशेब

आता मुद्द्यावर येऊ. नवी बेस आज साधारण दहा हजार रुपयांच्या आसपासपासून मिळू लागते. यामाहा, आयबॅनेझ, कॉर्ट या कंपन्यांच्या सुरुवातीच्या बेस त्याहून वरच्या भावात येतात, आणि फेंडर कंपनीचीच स्वस्त शाखा असलेल्या स्क्वायरच्या बेस बहुधा त्याच्याही पुढे. भाव सतत बदलतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारूनच ठरवावे. पण कोणत्याही भावाची घेतली तरी एक नियम पाळावा : हातात असलेले सगळे पैसे बेसवर घालू नयेत. वीस हजार असतील तर तेरा-चौदा हजारांचीच बेस बघावी. उरलेल्यात अ‍ॅम्प्लिफायर किंवा हेडफोनचे यंत्र, वायर, पिशवी, पट्टा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारागिराकडून सेटिंग करून घेण्याचा खर्च बसवावा.

सेटिंगवर इतका जोर देण्याचे कारण आहे. कारखान्यातून निघालेली स्वस्त बेस पुष्कळदा वाईट नसते. आता लाकूड कापण्याचे काम संगणकावर चालणारी यंत्रे करतात, आणि इंडोनेशिया-चीनमधल्या कारखान्यांत तयार होणारा स्वस्त माल पूर्वीपेक्षा कितीतरी सरळ असतो. कमी पडते ते शेवटचे हातकाम. तारा उंच राहतात, दांडी थोडी वाकलेली असते, पडद्यांच्या कडा टोचतात. अशा बेसवर नवशिक्या पोरगा बसतो, त्याची बोटे सोलतात, जोर लावूनही सूर नीट निघत नाही. दोन महिन्यांनी तो म्हणतो, ‘मला हे जमणारे नाही.’ आईवडील म्हणतात, ‘पैसे पाण्यात गेले.’ आणि बेस कपाटावर जाते. त्या मुलाच्या हातात काही कमी नव्हते. तारा एक-दोन मिलिमीटर खाली करायच्या राहिल्या होत्या, एवढेच. पंधरा हजारांची सेटिंग केलेली बेस पंचवीस हजारांच्या न केलेल्या बेसपेक्षा चांगली वाजते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुकानात काय पाहावे

मुंबईत धोबी तलाव-काळबादेवीचा भाग वाद्यांच्या दुकानांसाठी जुना आहे. तिथले फुर्ताडो हे दुकान 1865 पासूनचे. घरबसल्या मोबाईलवरून मागवणे सोपे असले तरी पहिली बेस शक्य तो हातात घेऊनच घ्यावी. ज्याला वाजवता येते अशा ओळखीच्या माणसाला बरोबर न्यावे. पण कोणी नसेल तरी पुढच्या गोष्टी कोणालाही तपासता येतात.

प्रथम दांडी. सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने दाबा आणि अंगाजवळच्या शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबा. ताणलेली तार सरळ असते, तिच्यामुळे आपोआप फूटपट्टी मिळते. आता मध्यभागी, सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांत किती फट आहे ते पाहा. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी असेल तर उत्तम. आगपेटीची काडी सहज जात असेल तर दांडी फार वाकली आहे. फट अजिबात नसेल तर ती उलट्या बाजूला गेली आहे. दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते, ती किल्लीने फिरवून हा बाक कमीजास्त करता येतो. म्हणून बाक दिसला की लगेच नाकारू नये. पण दुकानदाराला तिथेच किल्ली फिरवायला सांगावे. सळई फिरत नसेल किंवा फिरवूनही फरक पडत नसेल, तर ती बेस फुकट दिली तरी घेऊ नये.

मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून एकेक सूर वाजवा. चार तारा, वीस-एकवीस पडदे. दहा मिनिटे जातील. जाऊ द्यावीत, आपले पैसे आहेत. एखाद्याच ठिकाणी तार खरखरत असेल किंवा सूर मुका पडत असेल, तर बहुधा त्याच्या पुढचा पडदा वर आलेला असतो. सगळीकडेच थोडी खरखर असेल तर ते सेटिंगने जाते. दांडीच्या कडेवरून तळहात वर-खाली फिरवा. पडद्यांची टोके हाताला बोचता कामा नयेत.

त्यानंतर सूर. मोबाईलवर सूर दाखवणारे ट्यूनर फुकट मिळतात. मोकळी तार जुळवून घ्या आणि तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच सूर एक सप्तक वर दिसला पाहिजे. किंचित फरक असेल तर घोडीवरचा स्क्रू फिरवून तो काढता येतो, आणि घोडी पुढे-मागे सरकायला जागा शिल्लक आहे ना, तेवढे पाहून ठेवावे. खुंट्या फिरवून पाहा. अडखळत किंवा ढिल्या नकोत. वायर लावून आवाजाची बटणे फिरवा. करकर आली तर बहुधा धूळ असते, फवारा मारून जाते. पण वायर हलवल्यावर आवाज जाऊन-येऊन होत असेल तर जोडणी सैल आहे, भाव कमी करून मागावा.

काही बेसच्या मागे 9 व्होल्टची बॅटरी असते. त्यात वाईट काही नाही, पण वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवावी लागते, नाहीतर बॅटरी संपते. घरात ज्याला पंख्याचे बटण बंद करायची आठवण राहत नाही, त्याने बिनबॅटरीची घ्यावी.

हाताचे माप आणि अंगाचे वजन हीसुद्धा पाहण्याची गोष्ट आहे. पूर्ण मापाची बेस साधारण चार किलो भरते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आणि लहान चणीच्या माणसांना 30 इंची छोटी बेस सोपी जाते. आयबॅनेझची ‘मिक्रो’ तर 28.6 इंचांचीच आहे. मुलीला ही जड वस्तू कशाला, असे कोणी म्हटले तर कॅरोल के यांचे नाव सांगावे. गरीब घरातल्या या बाई गिटार वाजवून पोट भरत होत्या. 1963 साली लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंगला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हातात घेतली आणि पुढे हजारो रेकॉर्डिंग केली. आपल्या मुंबईत वाढलेली मोहिनी डे लहानपणी वडिलांकडून बेस शिकली आणि आज जगभरच्या मंचांवर वाजवते.

जुनी बेस घ्यावी का? जरूर घ्यावी. कॉलेजात हौसेने घेतलेल्या आणि नोकरी लागल्यावर पडून राहिलेल्या बेस पुष्कळ असतात. वरच्या सर्व तपासण्या तिथेही कराव्यात. रंग उडाला आहे, ओरखडे आहेत, याने आवाज बिघडत नाही. भाव मात्र खाली येतो, आणि आपल्याला तेच हवे आहे. कर्जाने किंवा सावकारी व्याजाने घेऊ नये. कार्यक्रमाच्या मानधनातून हप्ता फेडू, हा हिशेबही धोक्याचा आहे. आजकाल बऱ्याच ऑर्केस्ट्रांत बेसचे काम कीबोर्डवरच उरकले जाते, ही वस्तुस्थिती आहे. त्यापेक्षा वस्तीतल्या चार-पाच मुलांनी किंवा कलापथकाने मिळून एक बेस घेतली आणि वार वाटून घेतले, तर शिकणे थांबत नाही आणि कोणा एकाच्या घरावर भार पडत नाही.

आवाज आणि वीज

बेसला साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जोडून जोरात वाजवू नये, त्याचा पडदा फाटू शकतो. सरावासाठी दहा-वीस वॅटचा बेसचाच छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एकीचा अभ्यास चालू असतो आणि दुसरा रात्रपाळी करून झोपलेला असतो, तिथे हेडफोनचे छोटे यंत्र अधिक शहाणपणाचे. बेसच्या छिद्रात ते सरळ बसते आणि शेजाऱ्यांनाही त्रास नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पायांच्या पिनमधला जाड पाय, म्हणजे अर्थिंगचा, कधीही तोडू नये. बेसच्या तारा आतून त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. यंत्रात बिघाड झाला आणि अर्थिंग नसले, तर करंट थेट तारांवर येतो आणि वादकाची बोटे तर तारांवरच असतात. 1972 साली ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे लेस हार्वे हा गिटारवादक ऐन कार्यक्रमात मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. आपल्याकडे मंडपात आकडा टाकून वीज घेतात, अर्थिंगचा पत्ता नसतो. तिथे वाजवण्यापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावे. तो नाही म्हणाला तर वाजवू नये.

तारा महाग असतात, बेसच्या तर अधिकच. पण त्या फार वारंवार बदलाव्या लागतात असे नाही. डेट्रॉइट शहरातील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन 1962 ची प्रिसिजन बेस वापरीत, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत, आणि तार तुटल्याशिवाय बदलत नसत. त्या गाण्यांवर सारे जग नाचले. पण वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर छापण्याची पद्धतच कंपनीत नव्हती. 1971 साली मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर जेमरसन यांचे नाव प्रथम झळकले, तोपर्यंत त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ तिथे राबून झाले होते. आपल्याकडेही राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतली बेस वाजवणारे टोनी वाझ किती जणांना नावाने माहीत आहेत? अस्तु. तारा मळल्या की त्या काढून दहा मिनिटे पाण्यात उकळाव्यात आणि फडक्याने पुसून पूर्ण वाळवाव्यात. काही दिवस नव्यासारख्या वाजतात. हा जगभरच्या गरीब बेसवादकांचा जुना उपाय आहे.

बिनपडद्यांची बेस

आता प्रश्न बिनपडद्यांचा. पेटीवर पट्टी दाबली की सूर ठरलेला येतो. सारंगीवर बोटाला तो शोधावा लागतो. सितार आणि सरोद यांतही तोच फरक. पडदे नसलेल्या बेसवर मींड घेता येते, सूर गळ्यातून आल्यासारखा वळतो. ऐकून कोणीही मोहात पडेल. पण पहिली बेस म्हणून ती घेऊ नये. सूर केसभर हुकला तरी सगळा वाद्यवृंद बेसूर वाटतो, कारण सर्वजण बेसवरच उभे असतात. निदान वर्षभर पडद्यांच्या बेसवर बोटे आणि कान तयार करावेत.

आणखी एक अडचण भावाची. बिनपडद्यांच्या स्वस्त बेस फार थोड्या निघतात. स्क्वायरच्या ‘क्लासिक व्हाइब’ मालिकेत एक येते, पण ती पहिल्या बेसच्या भावात बसत नाही. जुन्या बाजारातही क्वचित दिसते. मग काय करावे? इथे इतिहास कामाला येतो. कारण बिनपडद्यांची बेस श्रीमंतांच्या कारखान्यात जन्मलेलीच नाही. 1961 साली इंग्लंडमध्ये बिल वायमन या तरुणाने एक स्वस्तातली जुनी बेस घेतली. पडदे झिजून खडखडत होते, म्हणून नवे बसवण्यासाठी त्याने ते उपटले, आणि आवाज इतका आवडला की नवे बसवलेच नाहीत. कारखान्यातली पहिली बिनपडद्यांची बेस अँपेग कंपनीने 1966 साली काढली, फेंडरने 1970 साली. आणि ज्याच्यामुळे हा आवाज जगभर गेला त्या जाको पास्टोरियस याची बेससुद्धा पडदे काढलेलीच होती. पडद्यांच्या खाचा त्याने लाकडाच्या लांबीने भरल्या होत्या आणि वरून होडीच्या लाकडाला लावतात तसला इपॉक्सीचा थर दिला होता. त्या बेसवरचा त्याचा पहिला संग्रह 1976 साली निघाला.

तेव्हा मार्ग असा : पहिली बेस जपून ठेवावी, आणि दुसरी, अगदी स्वस्त, जुनी, पडदे झिजलेली पण दांडी सरळ असलेली बेस शोधावी. पडदे झिजलेत म्हणून ती कवडीमोलाने मिळते, आणि आपल्याला ते काढायचेच आहेत. सोल्डरिंगच्या गरम टोकाने एकेक पडदा तापवावा, म्हणजे खालची चिकटण मऊ पडते, आणि सपाट तोंडाच्या कातरी-पक्कडीने कडेपासून हळूहळू वर उचलावा. ओढू नये, ओढला की लाकडाचे कपचे निघतात. खाचांत पातळ लाकडी पट्ट्या किंवा लांबी भरून, वाळल्यावर बारीक कागदाने दांडीच्या गोलाईला धरून घासावे. सुतारकाम जाणणारा माणूस वस्तीत असतोच, त्याच्याकडून करून घ्यावे. पडद्यांची उंची गेल्यामुळे तारा आता फार उंच राहतात. म्हणून घोडी खाली घ्यावी लागते आणि वरच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीच्या खाचाही खोल कराव्या लागतात. ही शेवटची गोष्ट विसरतात आणि मग बेस वाजत नाही म्हणून रडतात. खाचांत फिकट लाकूड भरले तर पडद्यांच्या जागी रेषा दिसत राहतात. रेषा ठेवण्यात कमीपणा काही नाही, जाकोच्या बेसवरही त्या दिसत असत.

अशा बेसला गोल गुंडाळीच्या खरखरीत तारा लावल्या तर त्या दांडीचे लाकूड खातात. सपाट गुंडाळीच्या लावाव्यात. त्या एकदाच महाग पडतात, पण वर्षानुवर्षे चालतात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, दांडी थोडी हलते. भिंतीला ओल येते तिथे बेस टांगू नये, पिशवीत ठेवावी, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

वाजवताना बोटाची जागाही बदलते. पडद्यांच्या बेसवर बोट पडद्याच्या किंचित मागे ठेवतात. बिनपडद्यांच्या बेसवर ते नेमके रेषेवरच यावे लागते, नाहीतर सूर उतरतो. सुरुवातीला मोबाईलवर तंबोरा लावावा, मोकळ्या तारेशी षड्ज जुळवावा आणि एकाच तारेवर सा, मग पंचम, मग वरचा सा, एवढेच, डोळे मिटून. बोट पोचले असे वाटले की डोळे उघडून रेषा बघावी.